एका समीकरणाची तीन उत्तरं

बडोद्यातल्या आमच्या मांजलपूरच्या सोसायटीचा वॉचमन एका रविवारी सकाळी वर आला आणि म्हणाला, "बेन, पेला पेपरवाळा काका आव्या छे." पेपरवाले काका आलेत म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला वाटलं रद्दीवाला आलाय. तो गॅलरीतले जुने पेपर बांधायलाही बसला. मी खाली डोकावून पाहिलं आणि त्याला म्हटलं, राहू दे, ते आमचे गणिताचे सर आहेत.

सर वर आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि न बसताच म्हणाले, "तुमचा दहावीच्या प्रिलिमचा गणिताचा पेपर घरात असेल तर द्या. पुन्हा तपासून देतो."

माझी दहावी होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मुलगी बालवाडीत होती. मी म्हटलं, सर, तो माहेरीच कधीतरी रद्दीत गेला असणार. त्यांनी शर्टाच्या खिशातून लहान वही काढली. तिच्यात माझं माहेरचं नाव आधीच लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं आणि निघाले. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. खाली त्यांनी सायकल घेतली आणि हातात धरून चालत गेले.

असे ते घरोघर जात. गोत्रीला, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, जिथे जिथे त्यांचे जुने विद्यार्थी राहायला गेले तिथे तिथे. बहुतेक लोक हसण्यावारी नेत. आमच्या वर्गातला एक जण गोत्रीला बंगला बांधून राहिला होता. त्याच्या आईनं त्याचे सगळे पेपर ट्रंकेत जपून ठेवले होते. त्यानं गंमत म्हणून सरांना पेपर दिला. तिसऱ्या दिवशी सर परत आले. दोन गुण वाढवले होते, बाजूला कारण लिहिलं होतं आणि खाली सही करून तारीख घातली होती. त्यानं तो पेपर आम्हा सगळ्यांना दाखवला. हसता हसता म्हणाला, आता हे दोन मार्क घेऊन मी कुठे जाऊ?

मला हसू येत नसे. सर खरं तर एकच पेपर शोधत होते, आणि तो कोणाचा हे मला माहीत होतं. तो मिळणं शक्य नाही हेही माहीत होतं.

शाळेत असताना आम्हाला त्यांची भीती वाटायची, पण ते कधी ओरडत नसत. हात उगारल्याचंही आठवत नाही. पाचवीतल्या पोराला सुद्धा ते 'अहो' म्हणत, आणि त्या 'अहो'नंच पोरं ताठ उभी राहायची. सायकल त्यांच्याकडे पहिल्यापासून होती, पण तीवर बसलेले कोणी पाहिले नाहीत. चालवताना डोक्यात गणित सुरू होतं आणि एकदा त्या नादात गाईला धडकलो, म्हणून बसणं सोडलं, असं त्यांनीच सांगितलं होतं. मग सायकल बरोबर कशाला आणता, असं एकानं विचारलं, तर म्हणाले, पिशवी अडकवायला.

वर्गात आले की हजेरी नंतर. आधी एक समीकरण फळ्यावर. फळा पुसायला डस्टर वापरत नसत. घरून एका डब्यात ओलं फडकं आणत आणि फळा इतका स्वच्छ पुसत की तो वाळेपर्यंत लिहिता यायचं नाही. तेवढा वेळ ते खिडकीतून बाहेर बघत उभे राहत आणि आम्ही गप्प बसून फळा वाळताना बघायचो.

घातांकांचा धडा त्यांच्या खास आवडीचा. दोनाचा क्षवा घात बरोबर बत्तीस असेल तर क्ष किती? बत्तीस म्हणजे दोनाचा पाचवा घात, म्हणून क्ष बरोबर पाच. "दोन्हीकडचा पाया सारखा करा, मग घात आपोआप सारखे होतात," हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं होतं की मुलं खेळाच्या मैदानावर त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत. उत्तर आल्यावर ताळा करायचा, म्हणजे आलेली किंमत पुन्हा मूळ समीकरणात घालून बघायची. तो पेपरात लिहिला नसेल तर एक गुण कमी. "ताळा केला नाही तोवर ते उत्तर नसतं, तुमचं मत असतं," असं म्हणत.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःपुरता केला होता. ज्या मुलांचे पेपर तपासायचे त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. लग्नाला, मुंजीला, बारशाला बोलावलं तर जात, दारात उभं राहून आशीर्वाद देत आणि परत फिरत. बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी त्यांना आग्रह करत नसे.

शैला माझ्या शेजारी बसायची. तिचे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. घर मूळचं खानदेशातलं. आमची शाळा मराठी माध्यमाची. ज्यांना परवडायचं ते एव्हाना मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागले होते, उरलेले गुजराती शाळेत. दहावीच्या वर्गात आम्ही अठ्ठावीस जण होतो. मुलं कमी होत गेली तसा शाळेचा जीव निकालावर आला. प्रिलिमला जो नापास होईल त्याचा बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही, असं हेडमास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

शैला हुशार होती असं तेव्हा कोणी म्हणालं नसतं. भूमितीत तिचं काही डोकं चालायचं नाही, प्रमेयं पाठ व्हायची नाहीत. पण आकडे तिला दिसायचे. मी कागदावर जे चार ओळीत करायचे ते ती बोटानं बाकावर काहीतरी गिरवून सांगायची. कसं आलं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

प्रिलिमच्या पेपरात एक प्रश्न होता, चार गुणांचा. क्ष वजा दोन, त्याचा घात क्ष अधिक तीन, आणि हे सगळं बरोबर एक. तर क्ष किती? सरांनी शिकवलं होतं की कुठल्याही संख्येचा शून्य घात एक असतो. म्हणून वरचा घात शून्य करायचा, क्ष बरोबर उणे तीन. आम्ही बहुतेकांनी तेवढंच लिहिलं आणि चार गुण मिळवले.

पेपर वाटायच्या दिवशी सरांनी शैलाचा पेपर शेवटपर्यंत हातात ठेवला.

"'क्ष बरोबर उणे तीन, किंवा तीन, किंवा एक,'" त्यांनी वाचून दाखवलं. "अहो, हे उत्तर आहे की बाजारातून आणायच्या भाजीची यादी? यातलं जे लागेल ते घ्या म्हणता?"

वर्ग हसला. मीही हसले. मी तिच्या शेजारी बसले होते आणि तरीही हसले, अगदी मोठ्यानं.

शैला उभी राहून म्हणाली, "सर, मी ताळा केलाय."

"पेपरात कुठे आहे?"

तो पेपरात नव्हता. तिनं मनात केला होता. सर म्हणाले, उणे तीन बरोबर आहे हे तुम्हाला माहीत असतं तर दुसरी दोन लिहिली नसती. तुम्ही अंदाज केलात, आणि अंदाजाला माझ्याकडे गुण नाहीत. पेपरावर लाल शाईनं शून्य होतं आणि खाली 'अंदाजाने लिहू नये' असं लिहिलं होतं. तिला गणितात बत्तीस मिळाले. पास व्हायला पस्तीस लागत.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर उभी होते. ती त्यांना सांगत होती की सर, तीन घालून बघा ना. सर दुसऱ्या वर्गाचे पेपर लावत होते. मान वर न करता म्हणाले की एकदा दिलेले गुण मी बदलत नाही. तुमचे बदलले तर उद्या इथे रांग लागेल. ती बाहेर आली. पेपराच्या चार घड्या घालून तिनं तो दप्तरात टाकला. पुढे तिच्या आईनं शेगडी पेटवायला वह्या काढल्या, त्यात तो गेला.

फक्त एका विषयात गेली होती, पण फॉर्म मिळाला नाही. नंदुरबारच्या बाजूच्या एका स्थळाचं महिनाभर चाललं होतं. वडील म्हणत होते, पोरगी दहावी होऊ दे, मग बघू. फॉर्म नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे थांबायला कारण उरलं नाही. वैशाखात तिचं लग्न झालं. आमचा दहावीचा निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि फाटकावर बोर्ड लावला होता.

याला तीन वर्षं झाली. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. एका दुपारी सर आमच्या घरी आले. ते आपणहून कोणाकडे येत नसत, त्यामुळे आई घाबरली. त्यांच्या मिशीला खडू लागलेला होता. थेट वर्गातून आले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी दहावीला तेच समीकरण घेतलं होतं. उणे तीन हे उत्तर काढून झालं, ताळा करून झाला. मग चुकीचं उत्तर ताळ्यात कसं पकडलं जातं हे दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी मुलांना एक कुठलीही संख्या सांगायला सांगितली. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, तीन. त्यांनी फळ्यावर तीन घातले. तीन वजा दोन, एक. त्याचा घात तीन अधिक तीन, सहा. एकाचा सहावा घात, एक.

"मी तिथेच थांबलो," सर म्हणाले. "मग मीच एक घालून पाहिला. एक वजा दोन, उणे एक. त्याचा चौथा घात. तोही एकच येतो."

तास संपेपर्यंत ते फळ्याकडे तोंड करून उभे होते, असं नंतर त्या वर्गातल्या मुलांकडून कळलं. मुलांना वाटलं सरांना काही तरी झालं.

"उणे तीन, तीन आणि एक. त्यांनी हेच लिहिलं होतं ना?" त्यांनी मला विचारलं. त्यांना चांगलं आठवत होतं. तरी माझ्याकडून ऐकायचं होतं. मी हो म्हटलं.

मग त्यांनी आईला विचारलं की शैलाच्या सासरी जायचं आहे, एकट्या पुरुषानं जाणं बरं दिसणार नाही, तर तुमच्या मुलीला बरोबर पाठवाल का? आई तयार नव्हती. म्हणाली, सर, आता जाऊन काय उपयोग? तिचं लग्न झालं, मूल झालं. सर म्हणाले, "वहिनी, उपयोगाचं मला माहीत नाही. चूक ज्याच्याकडे झाली त्याला सांगायला लागते." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आई अखेर हो म्हणाली.

पहाटेच्या गाडीनं आम्ही सुरतेला गेलो आणि तिथून भुसावळकडची पॅसेंजर घेतली. सरांच्या मांडीवर रेक्झिनची पिशवी होती. तिच्यात बाहेरून दहावीला बसायचा कोरा फॉर्म होता, आणि तीन पानं स्वच्छ अक्षरात लिहिलेली. तीनही उत्तरं, प्रत्येकाचं कारण, प्रत्येकाचा ताळा.

नंदुरबारच्या अलीकडे एका स्टेशनवर उतरून टेम्पोनं गेलो. शैलाचं सासर बऱ्यापैकी खातंपितं होतं. नवरा जीपवर ड्रायव्हर, सासरे घरीच. पाहुणे बडोद्याचे म्हटल्यावर त्यांनी ओसरीवर सतरंजी घातली. सासूबाईंनी लगेच चहा ठेवला. शैला कडेवर मुलगी घेऊन दाराच्या आत उभी होती. मला बघून तिच्या तोंडावर आधी हसू आलं, मग सरांना पाहिलं आणि ते गेलं.

सर सतरंजीवर बसले नाहीत. उभ्यानंच सासऱ्यांना म्हणाले, "तुमच्या सुनेचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. ताळ्याचा एक कापूनही त्यांना तीन गुण मिळायला हवे होते. त्या पास होत्या."

सासरे म्हणाले, "मग आता काय करायचं म्हणता?"

सरांनी फॉर्म काढला. फी मी भरतो, पुस्तकं पाठवतो, केंद्र जवळचं मिळवून देतो, असं सगळं सांगितलं. नवरा आतून आला होता. तो फॉर्म न घेता म्हणाला की हिला आता परीक्षा देऊन कुठे जायचंय? सर त्याच्याशी बोलले नाहीत. ते शैलाकडे वळले. "तुम्हाला परीक्षा द्यायची आहे का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सासू चहाचे कप घेऊन मधेच थांबली. शैलानं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"सर, तुमची परतीची गाडी किती वाजता आहे?" ती म्हणाली.

सरांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांनी ती तीन पानं फॉर्मसकट ओसरीवर ठेवली. म्हणाले, "तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं," शैला म्हणाली.

सासूनं कप पुढे केला. सरांनी हात जोडले आणि नको म्हणाले. मी माझा चहा घाईघाईनं प्यायले, तोंड भाजलं. निघताना शैलाला मिठी मारावीशी वाटली, पण सगळे बघत होते.

परतीच्या गाडीत सरांनी मला एकच गोष्ट विचारली. त्या हो म्हणाल्या की नाही? मी म्हटलं, सर, ती काही म्हणालीच नाही. त्यावर ते सुरत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दीड महिन्यानं मला शैलाचं पोस्टकार्ड आलं. चारच ओळी. सरांना सांग की पुन्हा येऊ नका आणि पत्रही पाठवू नका. मी बरी आहे. तूसुद्धा सध्या लिहू नकोस. मी सरांना तेवढंच सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं, तर मला माहीत नाही म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं रस्त्यात भेटले की ते विचारत, काही कारण कळलं का?

त्यानंतर ते हेडमास्तरांकडे गेले. शाळेच्या दप्तरात शैलाचा निकाल दुरुस्त करा, बत्तीसचे पस्तीस करा, मी लिहून देतो. हेडमास्तरांनी समजावलं की ते वर्ष केव्हाच संपलं, आता कुठल्या रजिस्टरात लिहायचं? सरांनी अर्ज दिला, मग दुसरा दिला. उत्तर आलं नाही.

मग ते दर वर्षी त्या धड्याच्या दिवशी वर्गात एक काम करू लागले. ते समीकरण फळ्यावर लिहायचं, तीनही उत्तरं काढायची आणि मुलांना सांगायचं, "यातली दोन मला माहीत नव्हती. ज्या मुलीला माहीत होती तिला मी शून्य दिलं आणि तुम्ही बसलात तशाच वर्गाला हसायला लावलं. तिचं शिक्षण तिथे थांबलं." नाव कधी घेत नसत. मुलं घरी जाऊन सांगायची. पालकांची तक्रार आली की ज्याला स्वतःला गणित येत नाही असा मास्तर दहावीला कसा? तोवर गल्लीगल्लीत क्लासेस निघाले होते, पोरं तिकडेच जात. हेडमास्तरांनी त्यांची दहावी काढून घेतली आणि पाचवी-सहावीचं अंकगणित दिलं. शेवटची चार वर्षं ते लहान मुलांना 'अहो' म्हणत अपूर्णांक शिकवत राहिले. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी शाळेचे वरचे वर्ग बंद झाले.

त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मला एकदा मंडईत भेटल्या होत्या. म्हणाल्या, यांना वाटतं, एक चूक तीस वर्षांत सापडली म्हणजे न सापडलेल्या किती असतील. झोप नाही. सकाळी उठतात आणि हजेरीची जुनी नावं लिहीत बसतात. म्हणून मग ती वही निघाली आणि ते घरोघर जाऊ लागले.

सर मांजलपूरला माझा पेपर मागायला येऊन गेले त्याच्या पुढच्या वर्षी मला शैला दिसली. प्रतापनगरच्या बाजारात वांगी निवडत होती. मी तिला मागून हाक मारली, दोनदा मारली, तिनं वळून पाहिलं नाही. मी पुढे जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली. नवरा गेला होता, घाटात जीप उलटून. सासरच्यांनी दिवस झाल्यावर तिला मुलीसकट भावाकडे आणून सोडलं. भाऊ वडिलांच्या जागी रेल्वेत लागला होता. ती मकरपुऱ्याला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करत होती.

आम्ही एका बंद दुकानाच्या ओटल्यावर बसलो. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. ती उठून माझ्या दुसऱ्या बाजूला आली आणि म्हणाली, इकडून बोल, त्या कानानं मला ऐकू येत नाही.

"कधीपासून?"

"तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून."

तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. आम्ही टेम्पोत बसायच्या आत सासूनं सुरू केलं होतं. आमच्या घरचा चहा त्या मास्तरला चालत नाही, आमची जात त्याला कमी वाटते, बसायलासुद्धा तयार नाही, आणि असला माणूस आणून हिनं आमची शोभा केली. नवऱ्याचं दुसरंच होतं. तीन वर्षांनी बाईचे मार्क घेऊन एवढ्या लांब येतो, हा म्हातारा हिचा कोण लागतो? ती पानं त्यानं चुलीत घातली. रात्री मारलं. कानातून पाणी येत राहिलं, दवाखान्यात कोणी नेलं नाही.

मी तिला सांगितलं की सर कोणाकडेच चहा घेत नसत, जातीचा काही प्रश्न नव्हता. ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. मी ते सासरी सांगितलं होतं. ज्यांचे पेपर तपासतात त्यांच्या घरचं घेत नाहीत, असं. त्यावर नवरा म्हणाला, मग आता कुठला पेपर तपासायला आला होता?"

त्या दिवशीच्या वर्गातल्या माझ्या हसण्याबद्दल तिला काही म्हणावं असं किती वर्षं मनात होतं, ते त्या दिवशीही राहिलं. शेवटी मी सांगितलं की सर अजून लोकांचे पेपर मागत फिरतात. ती म्हणाली, "मला भेटायचंय त्यांना. एकदाच. सांगायचंय." काय सांगायचंय ते मी विचारलं नाही.

पण तिची कारखान्यातली पाळी, माझं विम्याचं ऑफिस, तिच्या मुलीचं आजारपण, असं करत वर्ष गेलं. तेवढ्यात सर पडले. सायकल धरून चालत असतानाच चक्कर आली म्हणे. उजवी बाजू गेली, ती थोडी परत आली, पण डोकं परत आलं नाही. काकूंनी फोनवर सांगितलं की माणसं ओळखत नाहीत, मला मावशी म्हणतात. मी शैलाला म्हटलं, आता राहू दे. ती म्हणाली, नाही, जायचं.

दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही गेलो. सर हिचक्यावर, घरातल्या झोपाळ्यावर, बसले होते, पाठीला दोन उशा लावून. दाढी वाढली होती. काकूंनी आमची नावं सांगितली, त्यांनी मान हलवली, पण ती कळल्याची नव्हती. शैला त्यांच्या समोर स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. तिचे ओठ दोनदा हलले.

सरांनीच आधी विचारलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"कितवीत आहात?"

शैलानं उजवा कान पुढे केला. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"दहावीत, सर."

"फॉर्म भरलात?"

काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हिचक्याची कडी करकरत होती, तेवढाच आवाज.

"भरला," शैला म्हणाली.

सरांनी डावा हात वर केला. आशीर्वाद द्यायचा होता की पुरे म्हणायचं होतं, कळलं नाही. डोळे मिटून ते मागे टेकले. आम्ही आणखी दहा मिनिटं बसलो आणि उठलो.

जिन्यात मी तिला विचारलं, काय सांगणार होतीस? ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा आला नसतात तर बरं झालं असतं, एवढंच. रोज पॅकिंग करताना मनात म्हणत होते."

"मग फॉर्म भरला असं का सांगितलंस?"

ती तीन-चार पायऱ्या उतरली, मग म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं. किती वेळा नाही म्हणणार?"

तिची अडीचची पाळी होती. मी तिला स्कूटरवरून कारखान्याच्या फाटकाशी सोडलं. ती आत गेली.

सर त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू एकट्याच होत्या. त्यांनी सांगितलं की शेवटी शेवटी सर एकच विचारत असत, त्या मुलीनं फॉर्म भरला ना? दिवसातून दहा वेळा, कधी रात्री उठून. काकू भरला म्हणाल्या की शांत पडून राहत. तसेच गेले.

मग काकूंनी माझा हात धरला आणि विचारलं, "भरला होता ना गं तिनं?"

मी म्हटलं, हो, भरला होता.